आधी विचारा, मगच मांडा

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्यात आली आणि छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयासमोर रांगा लागल्या. माण-खटावमधून, जावळीतून, कराड-पाटणहून माणसं पोराबाळांना घेऊन आली. ती वाघनखं प्रतापगडावरचीच का, यावर महाराष्ट्रात मोठा वाद झाला. खुद्द लंडनच्या संग्रहालयानेही तसं ठामपणे सांगता येत नाही असंच म्हटलं आहे. तो वाद इतिहास-संशोधकांनी जरूर लढवावा. मला त्या रांगेबद्दल बोलायचं आहे. वाडवडिलांची म्हणून मनात असलेली वस्तू सातासमुद्रापार काचेआड आहे आणि ती आपल्या गावात येतेय म्हटल्यावर माणूस शेतातलं काम टाकून एस.टी. धरतो, हे साताऱ्याने स्वतः अनुभवलं आहे. जगभरचे आदिवासी समाज आज दूरदेशीच्या संग्रहालयांच्या दारात उभे राहून जे मागत आहेत, ते कळायला आपल्याला वेगळ्या शिकवणीची गरज नाही. मात्र ते एकदा कळलं, की आपल्याच जिल्ह्यांतल्या काही बंद कपाटांचा प्रश्न उभा राहतो आणि तो टाळता येत नाही.

आधी त्यांचं म्हणणं काय आहे ते पाहू. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर हायस्ला नावाचा समाज राहतो. १८७२ साली त्यांच्यातल्या एका प्रमुखाने, साथीच्या रोगात गेलेल्या आपल्या माणसांसाठी सिडारच्या लाकडाचा एक उंच कोरीव खांब उभारला. १९२९ मध्ये त्या समाजाला न विचारता तो खांब काढून नेला गेला आणि स्वीडनच्या राजधानीतल्या संग्रहालयात जाऊन पोचला. पुढची साठ वर्षं त्या लोकांना आपला खांब कुठे आहे याचा पत्ताच नव्हता. १९९१ मध्ये तो लागला, आणि परत मिळायला २००६ साल उजाडलं. मधल्या काळात हायस्लांच्या कारागिरांनी हुबेहूब तसाच नवा खांब कोरून स्टॉकहोमला दिला. ज्यांचं चोरीला गेलं होतं त्यांनीच नेणाऱ्याला नवं करून दिलं! संग्रहालयं रिकामी करायला निघालेली माणसं असं वागत नाहीत. २०२३ मध्ये एडिंबरोहून निसगा समाजाचा असाच एक स्मृतिखांब घरी परतला. तोही १९२९ मध्येच नेलेला होता.

या समाजांची पहिली तक्रार 'आमची वस्तू तुमच्याकडे का' ही नसतेच. 'नेताना कुणाला विचारलंत' ही असते. आणि ज्याला विचारलं त्याला ती देण्याचा अधिकार होता का, हा त्याच्या पुढचा प्रश्न. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमध्ये झुनी समाजाच्या जुळ्या युद्धदेवांच्या लाकडी मूर्ती असतात. त्या ठरावीक कुळांच्या प्रमुखांनी कोरायच्या आणि डोंगरावरच्या उघड्या ठाण्यावर नेऊन ठेवायच्या. त्या एका माणसाच्या कधीच नसतात, सगळ्या समाजाच्या असतात. त्यामुळे कुणी एकट्याने ती मूर्ती विकली तरी तो व्यवहार होऊच शकत नाही, असं झुनींचं म्हणणं. १९७८ पासून हाच एक मुद्दा धरून त्यांनी संग्रहालयामागून संग्रहालय, खासगी संग्राहकामागून संग्राहक गाठला आणि पन्नासहून अधिक मूर्ती परत मिळवल्या. कोर्टकज्ज्यांपेक्षा बोलण्यावर आणि चिकाटीवर त्यांचा भर होता.

हा मुद्दा आपल्याकडच्या माणसाला पटकन पटेल. गावदेवाची पालखी, देवाचा मुखवटा, जत्रेतली सासनकाठी ही पुजाऱ्याच्या ताब्यात असते, पण त्याची नसते. मानकऱ्यांचे मान ठरलेले असतात, तरी देव गावाचा असतो. उद्या एखाद्या पुजाऱ्याने मुखवटा मुंबईच्या व्यापाऱ्याला विकला आणि पुढे तो एखाद्या लिलावातून परदेशी संग्रहालयात गेला, तर पावती दाखवून ते संग्रहालय मालक ठरेल का? सातारा-सांगलीतलं कुठलंही गाव याचं उत्तर एका दमात देईल.

वाघनखांच्या बाबतीत हा प्रश्न आपण पुरेसा विचारला नाही, अशी माझी खंत आहे. ज्या पेटीतून ती लंडनच्या संग्रहात गेली तिच्यावरच्या मजकुरानुसार, जेम्स ग्रँट डफ साताऱ्यात रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा दरबारातला प्रतिनिधी, असताना पेशव्यांच्या प्रधानाने ती त्याला दिली. काळ लक्षात घ्या. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवर इंग्रजांनीच बसवलं होतं आणि राज्याचा खरा कारभार डफच्या हातात होता. अशा वेळी हरलेल्या बाजूने जिंकलेल्या साहेबाला काही नजर केलं, तर त्यात देणाऱ्याची खुशी किती होती हे कसं ठरवायचं? वस्तू अस्सल की नक्कल याची चर्चा आपण महिनोन्‌महिने केली. ती कुठल्या परिस्थितीत हातातून सुटली, याची चर्चा तेवढीच व्हायला हवी होती. जगात हा विषय पुढे गेला तो याच दुसऱ्या प्रश्नामुळे.

पण झुनींच्या गोष्टीतला मला सगळ्यांत मोलाचा वाटणारा भाग पुढे आहे. परत आलेल्या मूर्तींचं त्यांनी काय केलं? पुन्हा उघड्यावर ठेवल्या. ऊन-पाऊस-वाऱ्यात त्या हळूहळू झिजायच्या, मातीला मिळायच्या, आणि त्यातूनच त्यांची शक्ती पृथ्वीला परत जायची, हा त्यांचा धर्म आहे. संग्रहालयांना हे पचवणं फार जड गेलं. शंभर वर्षं कीड, ओल, प्रकाश यांपासून जपलेली वस्तू मुद्दाम कुजायला द्यायची? त्यांच्या लेखी हा नाशच होता.

आपण मात्र दरवर्षी शाडूच्या गणपतीची दहा दिवस पूजा करतो आणि अनंत चतुर्दशीला कृष्णेच्या घाटावर त्याला निरोप देतो. मूर्ती कितीही देखणी असो, विसर्जन केलं नाही तर पूजा पुरी होत नाही. देव्हाऱ्यातल्या टाकांचंही तसंच. पिढ्यान्‌पिढ्या हळद-भंडारा लावून, धुऊन-पुसून खंडोबाचा, बिरोबाचा, भवानीचा चेहरा झिजून सपाट होतो. मग घरात लग्नकार्य निघालं की सोनाराकडे देव उजळायला जातात, नवे घडवतात, जागरण-गोंधळ होतो. भंगलेली मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, नदीत सोडतात. वस्तूचं आयुष्य कुठे संपतं हे तिचा उपयोग ठरवतो, तिच्या धातूची किंमत नव्हे, हे आपल्या आजीला पक्कं माहीत होतं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये महाराष्ट्रातल्या खंडोबाच्या धातूच्या मूर्ती आहेत. तिथे त्या यापुढे कधी झिजणार नाहीत. त्यावर भंडारा पडणार नाही, त्यांच्यापुढे तळी उचलली जाणार नाही. त्या वस्तू सुरक्षित आहेत यात वाद नाही. पण ज्या घराच्या देव्हाऱ्यातून त्या गेल्या, त्या घराचं त्यांच्याशी असलेलं नातं संपलं असं कुणी परस्पर ठरवायचं?

मी सगळंच परत मागा असं म्हणत नाही. विकत घेतलेल्या, कारागिराने विकण्यासाठीच घडवलेल्या, खुशीने भेट दिलेल्या वस्तूही या संग्रहांत भरपूर आहेत. प्रत्येक वस्तूची कहाणी वेगळी असते आणि ती शोधूनच निर्णय व्हायला हवा. माझा आग्रह निर्णय कोण करतो याबद्दल आहे.

इथे कायद्याची भिंत येते. ब्रिटिश म्युझियमला १९६३ च्या कायद्याने आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्टला १९८३ च्या कायद्याने संग्रहातली वस्तू कायमची देऊन टाकायला जवळजवळ मनाई आहे. म्हणून वाट निघते ती उसन्याची. वाघनखं आपल्याकडे तीन वर्षांच्या बोलीवर आली. त्याच वर्षी, २०२४ मध्ये, या दोन संग्रहालयांनी घानातल्या असांते राजघराण्याचे ३२ दागिने आणि राजचिन्हं त्यांच्या राजधानीत, कुमासीला पाठवली. तीही मुदतीच्या कराराने. यांतल्या बऱ्याच वस्तू १८७४ च्या इंग्रजांच्या स्वारीत लुटल्या गेल्या, हे कुणी नाकारत नाही. लुटीचा माल मूळ मालकाला उसना मिळतो आणि त्याने त्यावर सही करायची असते! कुमासीच्या लोकांना काहीच न मिळण्यापेक्षा हे बरं वाटलं असेल, आपल्यालाही वाटलं. पण उसन्याच्या करारात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: शेवटचा शब्द देणाऱ्याचा.

साताऱ्याला हा अनुभव नवा नाही. प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवल्यावर त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. परका मुलुख, परकी भाषा, पैशांची ओढाताण. तरी तिथे राहून त्यांनी तेरा-चौदा वर्षं कंपनीच्या डायरेक्टरांपुढे आणि पार्लमेंटच्या सभासदांपुढे अर्ज-विनंत्या केल्या, पुस्तिका छापल्या. इंग्रजांपैकीही काहींनी त्यांना साथ दिली. दरम्यान १८४७ मध्ये महाराज काशीलाच वारले आणि १८४८ मध्ये सातारा खालसा झालं. बाजू कितीही न्याय्य असो, ज्याच्याविरुद्ध फिर्याद आहे तोच न्यायाधीश असेल तर काय होतं, हे रंगो बापूजींच्या त्या वर्षांनी सांगून ठेवलं आहे. आज झुनी, हायस्ला, पूर्व आफ्रिकेतले मासाई, आपल्या ईशान्येकडचे नागा या समाजांचे प्रतिनिधी युरोपातल्या संग्रहालयांत जातात तेव्हा मला हटकून त्यांची आठवण येते.

नागांचं नाव घेतलं ते मुद्दाम. आपल्या देशातला या विषयाचा सगळ्यांत मोठा प्रश्न त्यांचा आहे. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स म्युझियममध्ये साडेसहा हजारांच्या आसपास नागा वस्तू आहेत. त्यांतल्या पुष्कळ जे. एच. हटन आणि जे. पी. मिल्स या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी गोळा केल्या. त्यांत दागिने आहेत, शाली आहेत, भाले आहेत. आणि माणसांच्या कवट्या, हाडंही आहेत. कुणाच्या तरी पणजोबांची. त्या संग्रहालयाने २०२० मध्ये मानवी अवशेष प्रदर्शनातून काढले. तेव्हापासून नागा समाजातल्या संस्था, अभ्यासक आणि गावोगावची वडीलधारी मंडळी संग्रहालयाशी बोलणी करत आहेत. आज बहुतेक नागा ख्रिस्ती आहेत. परत येणाऱ्या पूर्वजांना कुठल्या विधीने, कुठल्या मातीत निरोप द्यायचा, यावर त्यांना आपसात ठरवावं लागतंय. या कामाला ते घाई करत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या एका लिलावात नागा माणसाची शिंगं लावलेली कवटी विक्रीला निघाली होती. नागालँडच्या मुख्यमंत्र्यांनी केंद्राला पत्र लिहिलं, ओरड झाली, तेव्हा ती मागे घेतली गेली. महाराष्ट्रात याची चर्चा किती झाली? रघुजी भोसल्यांची तलवार लिलावात निघाली तेव्हा आपलं सरकार धावलं आणि ती विकत घेऊन २०२५ मध्ये मुंबईला आणली, ते चांगलंच झालं. तोच जीव नागांच्या पूर्वजांसाठी तुटायला हवा. शस्त्रापेक्षा माणसाचं डोकं जवळचं असतं.

आणि नागांचे पूर्वज परत येतील तेव्हा ते दिल्लीच्या एखाद्या गोदामात येऊन थांबता कामा नयेत. श्रीलंकेत वेद्दा आदिवासींच्या नऊ कवट्या एडिंबरो विद्यापीठाने २०१९ मध्ये परत केल्या, तेव्हा त्या वेद्दांच्या प्रमुखाच्या हातात सोपवल्या. सरकारने मध्यस्थी करावी, खर्च करावा, परराष्ट्र खात्याने पत्रं लिहावीत. पण घेणारा हात त्या समाजाचा असावा.

आता आपल्या घराकडे वळतो.

साताऱ्यात संग्रहालय आहे, सांगलीत आहे, औंधला पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभं केलेलं श्री भवानी संग्रहालय आहे. पुण्या-मुंबईची मोठी संग्रहालयं आहेत, विद्यापीठांचे संग्रह आहेत. राजे-सरदारांच्या वस्तूंना तिथे नावं आहेत: ही अमक्याची तलवार, ही तमक्याची पगडी. धनगराच्या घोंगडीला, गोंधळ्याच्या संबळाला, पोतराजाच्या कोरड्याला, पारध्याच्या फाशांना, कातकऱ्याच्या मासे धरायच्या साधनांना आपल्याकडच्या संग्रहालयांत सहसा नाव नसतं. 'लोकजीवन' अशी एक पाटी सगळ्यांना मिळून पुरते. कुठल्या वाडीवरून आली, कुणाच्या हाताची, कुठल्या साली, देणाऱ्याला काय मिळालं, त्याची मुलं-नातवंडं आज कुठे आहेत, हे नोंदवहीत क्वचितच सापडतं. लंडनच्या काचपेटीवर 'दख्खन, एकोणिसावं शतक' एवढंच लिहिलेलं वाचून आपण चिडतो. तेच आपण आपल्या माणसांचं करून ठेवलं आहे.

धनगर आदिवासी ठरतात की नाही हा वाद कोर्टात आणि रस्त्यावर चालू आहे, त्याचा निकाल इथे लावायचं कारण नाही. माण, खटाव, जत, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यातला मेंढपाळ समाज पिढ्यान्‌पिढ्या कळपामागे फिरत आला. आरेवाडीच्या बिरोबाच्या बनात जमणारी माणसं, गजढोलावर धरला जाणारा फेर, रात्रभर चालणाऱ्या ओव्या यांत कुठल्या डोंगरावर कुठला देव बसला, कुठल्या झऱ्याला पाणी असतं, कोण कुणाचा पाहुणा लागतो हे सगळं साठवलेलं आहे. गुंथर सोंथायमर हे जर्मन अभ्यासक धनगरांबरोबर वर्षानुवर्षं हिंडले, त्यांच्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या, आणि त्यांच्या अभ्यासामुळे या देवांकडे पाहण्याची विद्वानांची नजरच बदलली. त्यांनी हे प्रेमाने केलं, याबद्दल मला शंका नाही. तरीही विचारावंसं वाटतं: तेव्हा ज्यांनी आवाज दिला त्यांच्या नातवंडांना आज ते आवाज ऐकायला मिळतात का? वाडीवरच्या पोराच्या हातात मोबाइल आहे. आपल्या पणजोबाची ओवी त्याला त्यावर ऐकू यावी, एवढी वाट तयार करणं आज अवघड नाही.

असं झाल्याचं उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. हेमा राइरकर आणि गी पॉइत्वँ यांनी जात्यावरच्या ओव्या खेड्यापाड्यांतून गोळा केल्या. त्यांची संख्या लाखावर गेली. हा संग्रह पुढे पारी या संस्थेने लोकांसमोर आणला. प्रत्येक ओवीला गाणारीचं नाव, गावाचं नाव आहे, आणि त्यांची माणसं पुन्हा त्या गावांत जाऊन गाणाऱ्या बायकांना भेटली. ज्या बाईला आयुष्यभर कुणी 'गायिका' म्हटलं नाही तिचं नाव तिच्या ओवीपुढे लागलं. परत करणं म्हणजे काय, याचा मला इथे सापडतो तो अर्थ इतका स्वच्छ आहे, की वस्तुसंग्रहालयांनी तो जसाच्या तसा उचलावा.

फोटोंचं प्रकरण याहून कठीण आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी आणि अशा कित्येक समाजांवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का बसला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, शिक्का पोलीस ठाण्यांतून अजून पुरता गेलेला नाही. त्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांनी हिंदुस्थानातल्या जाती-जमातींचे फोटो काढले, नाकं-डोकी मोजली, आणि खाली माणसाच्या नावाऐवजी जमातीचं नाव लिहिलं. असे फोटो ब्रिटनमधल्या ग्रंथालयांत आहेत, संगणकावरही येत आहेत. समजा, एखाद्या पारधी मुलीला उद्या त्यांत आपल्या घराण्यातला चेहरा दिसला, तर तो फोटो जगाने कसा पाहावा, त्याखाली काय लिहावं, की तो मुळीच खुला ठेवू नये, हे ठरवायला तिच्या लोकांना जागा आहे का? ऑस्ट्रेलियात वारुमुंगू समाजाबरोबर मुकुर्तू नावाची संगणकप्रणाली उभी राहिली ती नेमकी यासाठी. कुठलं छायाचित्र सगळ्यांनी पाहायचं, कुठलं फक्त घरच्यांनी, कुठलं माणूस वारल्यावर झाकायचं, हे नियम त्या समाजाने घातले आणि यंत्राने पाळले. सगळं ऑनलाइन टाकलं की जबाबदारी संपली, असं म्हणणाऱ्या आपल्या संस्थांनी हे पाहावं.

सातारा-सांगलीच्या मातीत एक घोषणा रुजली आहे: आधी पुनर्वसन, मगच धरण. कोयनेच्या वेळी गावं उठली आणि माणसं कुठल्या कुठे फेकली गेली, तेव्हा कुणी नीट विचारलं नव्हतं. त्या अनुभवातून पुढच्या धरणग्रस्तांच्या चळवळीने हा क्रम ठरवला आणि सरकारला तो मान्य करायला लावला. गाव हलताना लोकांनी आपले देव बरोबर नेले, नव्या गावठाणात त्यांची ठाणी मांडली. ज्यांनी हे भोगलं त्यांना वस्तू, जागा आणि माणूस यांचा संबंध शिकवावा लागत नाही. संग्रहालयांसाठीही क्रम तोच हवा: आधी विचारा, मगच मांडा. अमेरिकेत १९९० पासून आदिवासींचे अवशेष आणि पवित्र वस्तू परत करण्याचा कायदा आहे. जानेवारी २०२४ मध्ये त्याचे नवे नियम आले आणि अशा वस्तू प्रदर्शनात मांडायलाही त्या समाजाची आगाऊ संमती लागू झाली. न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने आपली दोन दालनंच बंद केली, शिकागोच्या फील्ड म्युझियमने काचपेट्या झाकल्या. एवढ्या मोठ्या संस्थांना चौतीस वर्षांनी जाग आली, तीही नियमांनी आणली. आपल्याकडे असा नियमच नाही.

'परत देऊन सांभाळणार कोण?' हा आक्षेप नेहमी येतो, आणि तो मी उडवून लावणार नाही. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या बाजारपेठेत कृष्णा शिरली, वाचनालयांतली पुस्तकं चिखल झाली. आपल्याकडच्या जिल्हा संग्रहालयांत माणसं कमी, पैसा कमी, ओल मात्र भरपूर. हे सुधारायलाच हवं. पण सांभाळण्याचा मक्ता लंडनकडे आहे असं मानायचंही कारण नाही. २०२३ मध्ये ब्रिटिश म्युझियममधूनच सुमारे दोन हजार वस्तू चोरीला गेल्याचं, गहाळ झाल्याचं किंवा खराब झाल्याचं उघड झालं, आणि कित्येकांची धड नोंदही नव्हती. ज्यांना वस्तूचं नाव, गाव, उपयोग ठाऊक आहे त्यांच्याशी नातं ठेवलं, तर हरवलेलं लक्षात तरी येतं.

सगळं कायमचं परत येईपर्यंत काही करता येत नाही, असंही नाही. २०१० मध्ये पिट रिव्हर्स म्युझियमने ब्लॅकफूट समाजाचे पाच चामडी अंगरखे कॅनडात पाठवले. १८४१ मध्ये ते तिथून गेले होते. ते नुसते काचेत मांडले नाहीत. समाजातली शेकडो माणसं, म्हातारे, शाळेतली मुलं, त्यांना हात लावून बसली. कातड्यावर कशाचे टाके आहेत, रंग कुठून आला असेल, केसांच्या झालरी कशा बांधल्या, हे त्यांनी जवळून पाहिलं. अंगरखे नंतर ऑक्सफर्डला परत गेले आणि ते जाताना लोकांना दुःख झालं. तरी त्या हाताळण्याने जे ज्ञान जागं झालं ते तिथेच राहिलं. वाघनखांच्या वेळी आपण रांगेतून पुढे सरकत काही क्षण काच पाहिली. सुरक्षेच्या दृष्टीने दुसरं शक्य नसेल. पण घोंगडीला हात लावायला काय हरकत आहे?

म्हणून मागणी अगदी लहान ठेवतो, म्हणजे ती याच वर्षी पुरी करता येईल. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या प्रत्येक संग्रहालयाने आपली नोंदवही मराठीत, गावांच्या नावांसह, लोकांसमोर ठेवावी. ज्या वस्तूपुढे गाव नाही तिथे 'माहीत नाही' असं प्रामाणिकपणे लिहावं. रयत शिक्षण संस्थेच्या शाळा-कॉलेजांचं जाळं वाड्यावस्त्यांपर्यंत पोचलेलं आहे. तिथली मुलं वस्तूंचे फोटो घेऊन आपल्या आज्या-आजोबांकडे जातील तर निम्म्या ओळी भरून येतील. दुसरं, महाराष्ट्र सरकारने लंडन, ऑक्सफर्ड, एडिंबरोकडे राजांच्या शस्त्रांबरोबर आपल्या मेंढपाळांच्या, भटक्यांच्या, आदिवासींच्या वस्तूंची यादीही मागावी. यादी द्यायला कुठला कायदा आडवा येत नाही.

आणि तिसरं, नोंदी तपासायला बसणाऱ्या मंडळींत जतचा घोंगडी विणणारा, आरेवाडीचा ओवी गाणारा, वाई-खंडाळ्याकडची कातकरी बाई, पारधी वस्तीतलं शिकलेलं पोर असलं पाहिजे. प्राध्यापकाइतकाच त्यांचा शब्द चालला पाहिजे. अशा बैठकांना बोलावताना आपण एक गोष्ट नेहमी विसरतो. प्राध्यापकाला प्रवासभत्ता मिळतो, रजा भरपगारी असते. मेंढरामागच्या माणसाला एक दिवस यायचं तर कळप कुणाच्या तरी हवाली करावा लागतो, मजुरी करणाऱ्या बाईचा रोज बुडतो. त्यांचं एस.टी.चं भाडं, जेवण आणि बुडालेला रोज संग्रहालयाच्या खर्चात वेगळ्या ओळीत धरावा. जिल्हा नियोजन समितीला ही रक्कम जड नाही, आणि ती मंजूर होईपर्यंत पहिली बैठक घेऊ नये.